ज्या ठाण्याला पोच मागितली नाही

ज्या यंत्रावर बनसोडे सरांनी उमेदीची वर्षं घालवली, ते यंत्र त्यांनी तेव्हा डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. आमच्या कॉलेजात तर साधा संगणकही नव्हता. एक टाइपरायटर होता, त्याची फीत बदलायला अर्ज करावा लागे. आणि सरांचा विषय होता शेकडो संगणक एकमेकांना जोडून एकाच वेळी चालवलेलं यंत्र. त्यातले काही संगणक मध्येच बंद पडले, तर उरलेल्यांनी एकमेकांना निरोप कसा पोचवायचा, या प्रश्नावर ते औरंगाबादला पीएच.डी.साठी नाव नोंदवून बसले होते.

मी त्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. सर गणित शिकवत. तास संपले की ते ग्रंथालयाच्या मागच्या ओट्यावर येत, रांजणातल्या पाण्यानं बोटांचा खडू धुवत, रुमालानं एकेक बोट कोरडं करत आणि मगच टपालानं मागवलेल्या परदेशी लेखांच्या प्रतींना हात लावत. पुढं दुष्काळ पडला आणि रांजणातलं पाणी तळाला गेलं, तेव्हा ते बोटं नुसती झटकून पुसत. पण पुसल्याशिवाय कागद हातात घेतला नाही.

स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा चाले. कुणी विचारी, सर, तुमचा संगणक आहे तरी कुठं? सर डोक्याला बोट लावत. मग लाईट गेली की कसं करता? सर म्हणत, कंदिलावर चालतो, तुमच्यापेक्षा कमी तेल पितो. स्वतः हसत नसत. भाकरीबरोबर शेंगांची चटणी पुढं सरकवत.

त्यांचा विषय मला समजला तो व्हरांड्यात. एका सकाळी त्यांनी बी.एस्सी.ची आठ मुलं उभी केली, चार पुढं, चार मागच्या पायऱ्यांवर, खोलीचे आठ कोपरे असावेत तशी. प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठा. पुठ्ठ्यावर तीन आकडे, शून्य किंवा एक. पहिल्याचं नाव शून्य-शून्य-शून्य, शेवटच्याचं एक-एक-एक. ज्यांच्या नावात एकाच आकड्याचा फरक, ते शेजारी. म्हणजे प्रत्येकाला तीनच शेजारी. चिठ्ठीवर, ती ज्याला पोचवायची त्याचं नाव. ज्याच्या हाती चिठ्ठी येईल त्यानं आपलं नाव आणि चिठ्ठीवरचं नाव ताडून बघायचं, जिथं फरक असेल तिथला एक आकडा बदलायचा आणि त्या शेजाऱ्याकडं चिठ्ठी द्यायची. तो शेजारी खाली बसलेला असला, म्हणजे मेलेला असला, तर दुसरा आकडा आधी बदलायचा. तोही बसलेला असला तर तिसरा.

“सगळा नकाशा कुणालाच लागत नसतो,” ते मुलांना म्हणाले. “आपले तीन शेजारी जिवंत हायत का मेलेत, एवढं कळलं तरी निरोप जातो.”

मुलं खाली बसत, उठत, चिठ्ठी वळसे घेत पोचत राहिली. मग एकदा ती पोचेचना. येरमाळ्याचा एक पोरगा साळसूद चेहऱ्यानं उभा होता. सरांनी त्याला विचारलं, तू जिवंत का मेलेला? जिवंत, सर. मग चिठ्ठी कुठंय? खिशात. सगळे हसले, सरही हसले. पण त्या दिवसापासून खेळात एक नियम वाढला. चिठ्ठी शेवटच्याला मिळाली की त्यानं हात वर करायचा, त्याचा हात दिसला की त्याच्या मागच्यानं, असं करत हात पहिल्यापर्यंत परत यायचा. याला ते पोच म्हणत. पोच आली नाही तर चिठ्ठी हरवली असं धरून दुसऱ्या वाटेनं पुन्हा पाठवायची.

चिठ्ठी खिशात घालणाऱ्या संगणकाचं काय, असं मी त्यांना ओट्यावर विचारलं होतं. ते म्हणाले, यंत्र बिघडतं ते मुकं होतं. खिसा नसतो त्याला.

हा विषय कॉलेजाबाहेर नेला तो रामलिंगनं. रामलिंग त्यांचा हॉस्टेलातला मित्र. आमच्या भागात तेव्हा एक लहान सहकारी साखर कारखाना नवा उभा राहिला होता, ढोकीचा नव्हे, त्याच्यानंतरचा. रामलिंग तिथं गट-अधिकारी होता. घर पाटलाचं, बागायतीचं; चुलता संचालक मंडळावर. रंगानं उजळ, आवाज मोठा. मोटारसायकल ग्रंथालयाच्या दारात लावून तो आत येई आणि सगळ्या वाचकांना ऐकू जाईल असं म्हणे, “आमच्या परल्हादचं गणित म्हंजे शून्य आन् एक. शून्य शिल्लक, एक बायको.” सर मान वर न करता म्हणत, “रामल्या, हळू. इथं लोकं वाचायला येतात.” रामलिंगवर ते रागावल्याचं मी पाहिलं नव्हतं. तो आला की त्यांचा चेहरा सैल होई.

कारखान्याची अडचण अशी होती. कुठल्या गावात कुणाच्या उसाला तोड द्यायची हे कारखान्यात ठरे. तो हुकूम गट-कार्यालयांमार्फत गावाला आणि ऊसतोड टोळीला जायचा. फोनच्या तारा महिन्यातून निम्मे दिवस मुक्या. जीप एक. हुकूम अर्ध्यात हरवे, टोळी भलत्याच फडात उतरे. रामलिंगनं कार्यकारी संचालकांसमोर सरांना उभं केलं आणि म्हणाला, माझा दोस्त ह्याच्यावरच डॉक्टर व्हायलाय.

सर सुट्टीच्या दिवशी एस.टी.नं, सायकलनं हिंडले. कुठून कुठं बस जाते, दुधाची गाडी जाते, कुणाचा पोस्टमन कुणाकडं मुक्काम करतो, सगळं पाहिलं. आणि कारखाना धरून निरोपाच्या आठ ठाण्यांचं तेच जाळं बसवलं, प्रत्येकाला तीन शेजारी. एका टोकाला कारखाना, दुसऱ्या टोकाला निंबळवाडीची शाळा. कारखान्याच्या तीन शेजाऱ्यांत एक रामलिंगचं गट-कार्यालय.

पहिल्या हंगामात एकदा फोन बंद, जीप बंद, वाशीकडच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटून वाहतूक बंद. तरी निरोप दूधवाला, कंडक्टर आणि एका ठाण्यातला शिपाई यांच्या हातून संध्याकाळच्या आत पोचला आणि त्याची पोच परत आली. सर ती बातमी सांगायला माझ्याकडं आले. बोलता बोलता दोनदा उठले, दोनदा बसले. त्यांच्या कागदावरचं काहीतरी पहिल्यांदा चाललं होतं, आणि ते आमच्या मातीवर चाललं होतं.

निंबळवाडी सरांचं गाव. गावाच्या पूर्वेला त्यांची वस्ती, छप्पन साली बुद्धाला शरण गेलेल्या घरांची. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या फडात मोळ्या उचललेली माणसं. सरांची चुलती गयाबाई हिनं पुढं होऊन सहा घरांची रानं एकत्र केली, सामाईक विहीर पाडली, आणि त्या वस्तीनं पहिल्यांदा स्वतःचा ऊस लावला. सर तो बघायला मला घेऊन गेले होते. गयाबाईनं कांडं मोडून हातात दिलं. सरांनी ते तिथं खाल्लं नाही, पिशवीत घालून घरी नेलं.

मग दुष्काळ पडला. ज्या विहिरी आधी बसतील, म्हणजे आटतील, त्यांच्या उसाला आधी तोड, असा नियम कारखान्यानं केला. तो सरांनीच सुचवला होता. जाळं त्यासाठीच तर होतं.

आता पोचेचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. सरांनी प्रत्येक ठाण्याला पोच-पावत्यांची पुस्तकं करून दिली होती. पुढच्याची पोच हातात आल्याशिवाय मागच्याला पोच द्यायची नाही, असा कडक नियम. पुस्तक सगळ्यांना दिलं, एका ठाण्याला दिलं नाही. रामलिंगच्या. त्याच्याकडं निरोप दिला की तो पोचला असं धरायचं. कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्यानं माझ्यासमोर विचारलं, की असं का. सर म्हणाले, रामलिंगला पोच मागितली तर तो माझ्या तोंडाकडं बघत राहील.

आमच्याकडं हे सगळ्यांना कळतं. आपल्या माणसाकडून पावती घेत नाहीत. घेतली तर तो आपला राहत नाही. अधिकाऱ्यानंही मान हलवली आणि पुढचा कागद घेतला.

परतीच्या वाटेवर सरांनी मला एक गोष्ट सांगितली. पुन्हा कधी सांगितली नाही. हॉस्टेलच्या पहिल्या दिवाळीत रामलिंगनं त्यांना घरी नेलं होतं. निंबळवाडीत त्या काळी पाणवठा वेगळा. रामलिंगच्या आईनं मात्र त्यांना स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, रामलिंगच्या ताटाला ताट लावून वाढलं, आणि पाण्याचा एकच तांब्या दोघांच्या मध्ये ठेवला. सरांनी वडिलांना येऊन सांगितलं तर वडिलांना खरं वाटेना. “त्या घरच्या माणसाला मी सही मागू?” सर म्हणाले.

त्या हिवाळ्यात निंबळवाडीची सामाईक विहीर बसली. तसा निरोप वस्तीवरून कारखान्याला गेला आणि सर्वांत आधी तोड द्यायची असा हुकूमही निघाला. त्याच आठवड्यात चारा-छावणीची माणसं वस्तीवर आली होती. ऊस हिरवा आहे तोवर जनावरांना द्या, म्हणत होती. गयाबाईनं कुणाला तरी धाडून सरांना विचारलं, देऊ का थांबू? सरांनी कारखान्यात जाऊन खात्री केली. हुकूम निघालाय, रामलिंगच्या ठाण्याला पोचलाय. त्यांनी वस्तीवर जाऊन सांगितलं, थांबा. वाटा तीन हायत, एक बंद पडली तरी दोन राहतात. निरोप येणार म्हणजे येणार.

वस्ती थांबली. छावणीवाले दुसऱ्या गावाला गेले. टोळी आली नाही.

पहिले काही दिवस सर अजिबात अस्वस्थ नव्हते. टोळीला उशीर झाला असेल, म्हणायचे. मग त्यांनी उरलेल्या दोन वाटांनी विचारणा केली. तिकडून उत्तर आलं, आमच्याकडं निरोपच आलेला नाही. बरोबरच होतं. निरोप पोचला असं कारखान्यानं धरलं होतं, मग दुसऱ्या वाटेला कोण पाठवणार? सर दोन दिवस ग्रंथालयात जाळ्याच्या कागदावर पेन्सिल फिरवत बसले. कुठलं ठाणं मुकं झालं ते शोधत होते. रामलिंगच्या ठाण्यावर पेन्सिल यायची आणि पुढं सरकायची. मी बघत होतो. शेवटी त्यांनी पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, चला माझ्याबरोबर.

रामलिंगच्या कार्यालयाच्या बाहेर ट्रॅक्टर उभे होते. त्यानं आम्हाला पाहून पोऱ्याला चहा सांगितला. सर बसले नाहीत. निंबळवाडीचा निरोप आला होता का, एवढंच विचारलं. आला होता, रामलिंग म्हणाला, आणि काही न लपवता सगळं सांगितलं. टोळी नेमकी त्याच्या दारात होती. चुलत्याचा ऊसही वाळत होता. दोन दिवस आधी तो तोडून घेऊ, मग टोळी पुढं धाडू, असं ठरवलं. मग चुलत्याच्या मेव्हण्याचा फड निघाला. मग टोळी दुसऱ्या गटाला गेली. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त जरा हळू.

सर अजूनही खुर्चीकडं वळले नाहीत. ते रामलिंगला सहन झालं नसावं.

“म्या तुला खोटं बोललो न्हाय, परल्हाद,” तो म्हणाला. “मला पोच कुठं मागितली व्हतीस?”

“मागितली असती तर?”

“तर लिहून दिली असती. काय करणार? बरं झालं मागितली न्हाईस. तुझ्याशी खोटं बोलायची पाळी आली न्हाय.”

चहा आला. सर वळून बाहेर पडले. मीही निघालो. रामलिंग पायऱ्यांपर्यंत आला आणि मला म्हणाला, त्याला समजावा हो, उसाचं काय, पुढल्या साली येईल, मी बेणं देतो.

बसमध्ये सर खिडकीशी बसले. बाहेर ज्वारीची रानं मोकळी पडली होती. ते बोलले, माझ्याकडं न बघता.

“त्याला अजून कळलं न्हाई, की त्यानं माझं काही बिघडवलंय. त्याच्या लेखी ती लोकं वेगळी आणि मी वेगळा.” आणि मग, “त्या घरात मला एकट्यालाच आत घेतलं होतं. मला इतकी वर्षं वाटत होतं, आम्ही सगळेच आत गेलोय.”

त्यानंतर ते वस्तीवर गेले. तोवर उसाला तुरे येऊन गेले होते आणि पानं पार वाळून कागदासारखी वाजत होती. जनावरंही तोंड लावत नव्हती. गयाबाई बांधावर बसली होती. वस्तीतली दोन-तीन तरणी पोरं जवळ उभी होती. त्यातल्या एकानं टोमणा मारला, सरांचं यंत्र इमानी हाय, फक्त पाटलांचं ऐकतंय. सर पुढं होऊन बांधावर बसले. गयाबाईला सगळं सांगितलं, रामलिंगचं नाव घेऊन, आपण त्याला पोच मागितली नव्हती हेही सांगितलं.

ती म्हातारी ओरडली नाही. ती म्हणाली, “तार तुटली असती तर म्या काय बी म्हणले नसते, लेकरा. तू तीन वाटा सांगितल्यास. आमाला तीन वाटा काय ठावं? आमी तुझ्या तोंडाकडं बघून थांबलो.”

ते वाक्य सरांनी मला जसंच्या तसं सांगितलं, तिच्याच बोलीत. वस्तीनं पुढं कधी ऊस लावला नाही. सामाईक विहिरीचं सामाईकपणही राहिलं नाही. सहा घरांनी रानं पुन्हा वेगळी केली. बाबासाहेबांच्या जयंतीला भाषणाला दरवर्षी सरांना बोलावत, त्या वर्षी बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढल्या वर्षीही नाही. ज्याला फसवलं होतं तोच वस्तीच्या डोळ्यांत फसवणारा ठरला, आणि सरांनी ते खोडून काढायचा प्रयत्न केला नाही. मी एकदा म्हटलं, रामलिंगची तक्रार करा, मी साक्ष देतो. ते म्हणाले, काय साक्ष देणार? त्यानं नियम कुठं मोडलाय? त्याच्यापुरता नियमच मी केला नव्हता.

रामलिंग ग्रंथालयात दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा सर मागच्या ओट्यावरून उठून वर्गावर निघून गेले. दुसऱ्यांदा त्यानं बेण्याची मोळी मोटारसायकलला बांधून आणली होती. सर नव्हते. ती मोळी दाराशी तशीच पडून राहिली, शेवटी शिपायानं नेली.

त्यांचा अभ्यास मात्र बदलला. आधी त्यांच्या गणितात दोनच प्रकारचे संगणक होते, जिवंत आणि मेलेले. आता तिसरा आला. जो जिवंत असतो, शेजाऱ्यांना ओळख देतो, निरोप घेतो, आणि पुढं देत नाही किंवा बदलून देतो. असे किती असले तरी निरोप पोचू शकेल, याची मर्यादा ते शोधू लागले. एकच निरोप एकमेकांना कुठंही न छेदणाऱ्या वाटांनी पाठवायचा, शेवटच्यानं सगळे जुळवून बघायचे, आणि कुणावरही, एकदा का असेना, विश्वास टाकायचा नाही. परदेशातही तेव्हा लोक याच प्रश्नावर खपत होते, हे त्यांना पुढं लेख वाचून कळलं. औरंगाबादचे मार्गदर्शक खूष झाले. म्हणाले, प्रबंधाला आता खरी खोली आली, ही कल्पना सुचली कशी? सर म्हणाले, गावाकडं सुचली.

डॉक्टरेट मिळाली. कॉलेजानं सत्कार केला. सरांनी हार घेतला, दोन वाक्यं बोलले, खाली बसले. पुढं कॉलेजात संगणक आले. मुलं त्या तिसऱ्या प्रकाराबद्दल विचारत, तेव्हा ते फळ्यावर सूत्र लिहीत, सिद्धता देत, पण उदाहरण कधी देत नसत. व्हरांड्यातला खेळ त्यांनी पुन्हा घेतला नाही.

घरीदारी मात्र त्यांना एक सवय लागली, आणि ती बघवत नसे. मी पुस्तक परत घेतलं की ते उभे राहून म्हणत, घेतल्याचं लिहून द्या. बायकोनं शेजारी वाटीभर साखर पाठवली तर मुलीला पुन्हा पाठवून विचारायला लावत, मिळाली का म्हणून. लोक आधी हसले, मग दुखावले, मग त्यांच्याकडं काही देणं-घेणंच बंद झालं. सरांना ते कळत होतं. मला एकदा म्हणाले, तुम्हाला वाईट वाटतं ना, मी सही मागतो तेव्हा? मी म्हटलं, वाटतं. ते म्हणाले, वाटू द्या. तुम्ही सही करता तेव्हा मला झोप लागते.

निवृत्तीनंतर फार वर्षं मिळाली नाहीत. शेवटचे दिवस उस्मानाबादला एका दवाखान्यात गेले. मी दुपारचा जाऊन बसत असे, म्हणजे वहिनींना घरी जाऊन येता यायचं. निंबळवाडीहून एक-दोघं येऊन गेले होते, गयाबाईचा नातूही आला होता. उभ्यानं आले, उभ्यानं गेले.

एका दुपारी रामलिंग आला. केस पांढरे, हातात काठी, तो मोठा आवाज गेलेला. दारातून त्यानं आत पाहिलं. त्याच क्षणी सरांनी भिंतीकडं कूस बदलली आणि मला हळूच म्हणाले, झोपलेत म्हणून सांगा.

मी बाहेर जाऊन तसं सांगितलं.

“जागा हाय तो,” रामलिंग म्हणाला. “हॉस्टेलात बी भांडण झालं की असाच पडायचा, भिताडाकडं तोंड करून. मग सकाळी म्याच उठवायचो.” त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसला. “घाई न्हाय मला. बसतो.”

मी आत आलो. सरांचे डोळे उघडे होते, भिंतीवर खिळलेले.

“गेला?”

“नाही. बाकावर बसलेत.”

बाहेर रामलिंग खोकला. सरांचा हात चादरीवर हलला, उठण्यासाठी हलावा तसा, आणि परत थांबला.

“बसू दे,” ते म्हणाले. “दार तेवढं लोटून घ्या.”

मी उठलो. दार लोटताना बाकावरून रामलिंगनं माझ्याकडं पाहिलं आणि अर्धवट उठला, त्याला वाटलं बोलावलंय. मी दार लावून घेतलं. सरांनी ते लागल्याचा आवाज ऐकला, आणि मग डोळे मिटले.